कापसाला जागा

धम्मरत्नने कपाटाचा वरचा खण रिकामा केला आणि पुस्तके धपाधप सतरंजीवर पडली. उकंडाजींनी वाकून एकाचे दुमडलेले पान सरळ केले. आयुष्यभर मास्तरकी केली, पण आवाज चढवणे या माणसाला जमले नाही. मास्तर फळ्यालाच शिकवतात, असे पोरे म्हणत.

दोन खोल्या कापसाने छताला टेकल्या होत्या. भाव पडलेला, तो चढेपर्यंत विकायचे नाही, असे साऱ्या गावानेच धरून ठेवले होते. उरलेला ढीग अंगणात ताडपत्रीखाली होता आणि अवकाळीचे आभाळ नेर गावाकडून काळे होत येत होते. घरात आता उकंडाजींची ही एकच खोली राहिली होती. तिच्या दोन भिंती पुस्तकांच्या कपाटांनी अडवल्या होत्या.

"हे घ्या बाबा." धम्मरत्नने टॅब पुढे केला. "जुन्या मोठमोठ्या लेखकायची पुस्तकं भरली याच्यात. सारी फुकट. अक्षर पाहिजे तेवढं मोठं होते. आता ही कपाटं कायले पाहिजे?"

"बरोबर आहे तुहं," उकंडाजी पुटपुटले.

"मामाजी, नाही म्हणायचं असन तं आत्ताच म्हणा," सून साधना दारातून म्हणाली. "मंग जेवणावर रुसता."

"मी कधी रुसलो?"

"कधी नाही रुसले ते सांगा," चुलीपासून रुखमाबाईंचा आवाज आला.

उकंडाजी बाजेवर बसले. टॅबवर बोट ठेवताना ते बिचकले, काही बिघडेल की काय म्हणून. पण तरुणपणी वाचलेली कादंबरी समोर उघडली आणि ते हरखले. त्यांच्या प्रतीची शेवटची पाने वाळवीने खाल्ली होती; वर्गात ते आपल्या मनाचाच शेवट सांगत आले होते. खरा शेवट त्यांनी आज वाचला. आपलाच बरा होता, असे वाटले, आणि तसे वाटल्याची त्यांना लाजही वाटली.

मग त्यांनी दुसरी नावे टाकून पाहिली. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवरून पिशव्या भरभरून आणलेल्या पातळ पुस्तिकांची. जलशांची गाणी. वस्तीवस्तीतल्या कार्यकर्त्यांची चरित्रे. कापसाच्या जिनिंग गिरणीत राबलेल्या एका बाईने स्वतः लिहिलेली जीवनकहाणी. एकही सापडेना. बाईचे नाव टाकले, तर टॅबने कुठल्याशा राणीची गोष्ट पुढे केली.

उकंडाजींनी टॅब बाजूला ठेवला. धम्मरत्नने तोवर निवड केली होती. सोनेरी अक्षरांचे जाड ग्रंथ शोभेसाठी परत एका कपाटात, आणि पिन मारलेल्या पुस्तिका रद्दीच्या पोत्यात. उकंडाजींनी पोते उलटे केले. पुस्तिका उचलून त्याच कपाटात लावल्या, आणि तिथले जाड ग्रंथ एकेक करून पोत्यात भरू लागले.

"बाबा, उलटं करून राह्यले तुमी! चांगली पुस्तकं ती होती."

"चांगली आहेत. म्हणूनच त्याईले सांभाळाले सारं जग आहे. शाळेत नेऊन दे." त्यांनी पुस्तिकांवरून हात फिरवला. "याईले माह्याबिगर कोणी नाही. चुकतही असन मी. पण हे कपाट हलणार नाही."

धम्मरत्नने बापाकडे पाहिले आणि रिकामे झालेले दुसरे कपाट बाहेर ओढले. एक भिंत मोकळी झाली. त्याने डोळ्यांनीच माप घेतले.

"तरी नाही मावत, बाबा. अजून या बाजेएवढी जागा लागते."

बाहेर गडगडले. सगळ्यांची नजर उरलेल्या कपाटाकडे गेली. उकंडाजींनी आपले अंथरूण गुंडाळून काखेत मारले.

"मंग बाज काढ. मी ओसरीत झोपतो."

"अशा गारठ्यात?" धम्मरत्न म्हणाला. "खोकला काय कमी आहे तुमाले? उद्या लोक मले काय म्हणतीन?"

"झोपतो म्हटलं ना!"

आवाज एवढा मोठा निघाला, की ते स्वतःच दचकले. साधनाने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की घाबरली होती, कळले नाही.

रुखमाबाई हात पुसत आल्या. त्यांनी बाजेचे दुसरे टोक उचलले.

"तिरपी करा, दारात अडकन."

बाज ओसरीत लागली. त्या पुन्हा आत गेल्या आणि आपलीही वाकळ घेऊन आल्या. धम्मरत्न पाहतच राहिला.

"आई, तू कायले?"

"मले कुठी वाचता येते बापा," त्या वाकळ झटकत म्हणाल्या. "कालच्या पुस्तकातलं पुढचं आयकाचं राह्यलं. बल्ब तेवढा इकडं लावून दे."