न झिजलेली रबरं

योगेशचा फोन आला तेव्हा मी हळर्णला एका घराच्या भिंतीवर जांभ्याचे चिरे लावत होतो. योगेश म्हणजे माझ्या मेव्हणीचा, सत्यवतीचा मुलगा.

"काका, आई पडली. खुब्याजवळ हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली, काल घरी आणली. तुम्ही सर्वणला या. मावशीसाठी बांधला होता तसा कट्टा आईला बांधून द्या. चिरे आणून ठेवलेत."

मी फोन बंद केला. इतका राग आला होता की हातातली थापी कुठे टाकली तेही पाहिलं नाही.

तो कट्टा आमच्या सगळ्या पाहुण्यांत प्रसिद्ध आहे. माझी बायको आनंदी लाटंबार्सेच्या आमच्या घरी काजूच्या बिया वाळत घालताना पडली. तिचंही हाड तिथेच मोडलं, तिलाही सळई घातली. इस्पितळातून सोडताना डॉक्टर म्हणाला, "सांभाळा त्यांना, पुन्हा पडू देऊ नका." एवढंच. हातात कागद दिला तो इंग्रजीत. मी मूळचा दोडामार्गचा, गवंडी, चौथी शिकलेला. कागद पिशवीत ठेवला आणि सांभाळायला लागलो.

खाटेच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे कट्टे बांधले, पडल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीचे. एकावर पाणी, औषधं, पानाचा डबा. दुसऱ्यावर फोन, पंख्याचं बटण, देवाची तसबीर. तिला निजल्या जागेवरून रस्ता दिसावा म्हणून खिडकी फोडून जनेल खाली आणलं. उंबरठा काढला. संडासाची खुर्ची खाटेला लावली. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली, पण आनंदीसाठी जे बांधलं त्यात माणसाला उठून उभं राहायचं कारणच उरलं नव्हतं.

लोक बघायला यायचे. बायका आपल्या नवऱ्यांना म्हणायच्या, "बघा, शिका काय तरी!" मी मान खाली घालून हसायचो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

आनंदी एकदा म्हणाली, "माका पडवीत जावचा हा. चलान. माज्या पायांनी."

"चलान कित्याक? मी आसंय मा," म्हटलं आणि तिला उचलून नेली.

सात महिन्यांत तिचा पाय काठीसारखा झाला. हाडाचा फोटो काढला तर ते सांधलेलंच नव्हतं, होतं तेही विरलं होतं. मग छातीत कफ साठला. कार्तिकात गेली.

बाराव्यानंतर मी आरोग्य केंद्रातून मिळालेला वॉकर परत द्यायला गेलो. तिथे व्यायाम शिकवणारी कोमल म्हणून मुलगी आहे. तिने वॉकर उलटा केला आणि पायांची चार रबरं बोटाने चाचपली.

"बाबा, हा वापरलाच नाही?"

"गरजच पडू दिली नाही," मी म्हणालो. त्या दिवशीही मी ते अभिमानानेच बोललो.

मग मीच विचारलं, हाड का नाही सांधलं?

"तुम्ही पाया खोदता तेव्हा आधी काय करता?"

"पहार मारून बघतो. जमीन कडक की भुसभुशीत."

"हाडातल्या पेशी तेच करतात. त्या जिवंत असतात. आजूबाजूला चिकटतात आणि ओढून बघतात. समोरचं ओढलं जात नाही, कडक आहे, असं कळलं की हाड बनवायच्या कामाला लागतात. प्रयोगशाळेत एकाच जातीच्या कोवळ्या पेशी मऊ जेलीवर ठेवल्या तर चरबीकडे वळतात, कडक थरावर ठेवल्या तर हाडाकडे. आणि पायावर भार पडला की हाड कणभर वाकतं, तेही आतल्या पेशींना कळतं. इथे काम आहे, माल घाला. भार पडलाच नाही तर असलेला मालसुद्धा काढून नेतात."

"मी गादी मऊ घेतली होती. कापसाची, नवीन."

"गादीचा दोष नाही बाबा. गादी पेशींना कळत नाही. पाय जमिनीला टेकला नाही, ते कळतं."

मी पिशवीतला कागद काढून दिला. तिने तो मनात वाचला. मोठ्याने वाच, म्हटलं मी.

"दुसऱ्या दिवसापासून वॉकरने चालवा. झेपेल तेवढा भार द्या."

दुसऱ्या दिवसापासून! सात महिने ती ओळ माझ्या घरात पिशवीत, खुंटीला टांगलेली होती. मी ओरडलो. इंग्रजीत कुणासाठी लिहिता? डॉक्टरला मराठी येत होतं, कोंकणी येत होतं, 'सांभाळा' म्हणायला बरं आलं! आणि तू? वॉकर दिलात तेव्हा एक माणूस घरी का नाही आलं?

"दोन तालुक्यांना मी एकटी आहे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलत नव्हती. पण त्याने माझा राग कमी झाला नाही, अजून झालेला नाही.

"मी उचलली नसती तर जगली असती?"

"ते मी नाही सांगू शकत, बाबा."

तर योगेशचा फोन आला त्या दुपारी मी थापी न घेता आरोग्य केंद्रात गेलो, तोच वॉकर मागून घेतला आणि सर्वणला पोचलो. दारात चिरे रचलेले. आत सत्यवती चार उशांवर, आणि सून अश्विनी तिला चमच्याने पेज भरवतेय. हात मोडला नव्हता, पाय मोडला होता.

"भावोजी, थापी खंय?" सत्यवती म्हणाली.

"आणूक नाय."

"मगे काय नुसते बघूक इलात? नारळ तरी आणूचो होतो."

मी योगेशकडे इस्पितळाचा कागद मागितला. त्याचा फोटो काढून कोमलला पाठवला. तिने फोन केला, स्पीकरवर वाचून दाखवलं. तीच ओळ.

योगेश भडकला. "फोनवरच्या बाईचं ऐकून आईला पुन्हा पाडू? मावशीला फुलासारखं ठेवलंत, सगळं गाव नाव काढतं. आमच्या वेळेला हात दुखले काय, काका?"

"आमच्या ताईक राणी करून ठेवल्यात," सत्यवती उशीवरून म्हणाली, "आनि माका कवायत!"

"राणी करूनच घालवलंय तिका!"

मी एवढ्या मोठ्याने बोललो की अश्विनीच्या हातातला चमचा थांबला. मग सगळं सांगितलं. कट्टे, कागद, न झिजलेली रबरं. चारचौघांत ते पहिल्यांदाच बोललो.

सत्यवतीने अश्विनीचा चमचा बाजूला सारला. मग म्हणाली, "ताई माका फोनार सांगत होती. 'हे माका पाय जमनीक टेकूक देत नायत.' मी म्हटलंय, 'नशीब काढलंस गो.'"

म्हणजे आनंदीला कळलं होतं. तिने मला सांगितलं, बहिणीला सांगितलं, आणि आम्ही दोघांनी तिला भाग्यवान म्हटलं.

"आण तो घोडो," सत्यवती म्हणाली.

वॉकर पुढे ठेवला. कोमल फोनवरून सांगत होती, आधी काठावर बसा, श्वास घ्या, मोडलेला पाय पुढे. सत्यवती उठली. योगेशने तिला दोन्ही काखांत धरून जवळजवळ उचललीच होती.

"हात काढ," मी म्हटलं.

"पडली तर?"

"जवळ रव. पण उचलू नको. भार तिच्या हाडाक लागांदे."

त्याने हात बोटभर लांब नेले. सत्यवतीने पाय टेकला, ओठ आवळले आणि मला अशी शिवी दिली की अश्विनीने पदर तोंडाला लावला. तरी पाय उचलला नाही. चार पावलं जनेलापर्यंत, चार परत. चौथ्या दिवशी कोमल स्वतः बसने आली. नाही आली तर मी पुन्हा येऊन ओरडेन या भीतीने आली असेल, पण आली.

चिरे फुकट गेले नाहीत. मी कट्टा बांधला, पण पडवीच्या दुसऱ्या टोकाला, खाटेपासून अठरा पावलांवर. पहार मारून जमीन बघितली, पाया भरला. पानाचा डबा त्यावर ठेवला.

"डबो हय आणा!" सत्यवती आतून ओरडते.

"नाय आणूचंय," मी ओरडतो.

मग शिव्या, आणि शिव्यांच्या मागून वॉकरची टकटक. दर रविवारी मी जातो. आधी वॉकर उलटा करून बघतो. उजव्या बाजूचं रबर एका कडेने झिजायला लागलंय.