पुतळ्याचा सदरा

तीन महिने घरी बसून मास्तरांनी बायकोला, म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यांच्या वहिनींना, भंडावून सोडलं होतं. उभा जन्म शिवणकारखान्यात कापड बेतण्यात गेलेला माणूस. हृदयविकाराच्या झटक्यातून उठला आणि घरातले पडदे पुन्हा बेतायला लागला. कांदा उभा चिरायचा की आडवा, यावरही हुकूम सोडायचा.

डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, पण मालकीणबाई अडून बसल्या. "शेजारच्या टेबलावर कुणीतरी छाती दाबायला शिकलेलं पाहिजे. तोवर कात्रीला हात लावायचा नाही, मास्तर."

शेजारचं टेबल वहिनींचं. त्या काजं करायच्या.

म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबवून नर्सबाई वहिनींची परीक्षा घेत होत्या. जमिनीवर रबरी पुतळा आडवा. दाब नीट पडला की त्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागायचा. काल शिकवणीला तो उघडाच आला होता. मास्तरांना ते बघवलं नाही. त्यांनी रातोरात त्याच्यासाठी निळा सदरा शिवला, वहिनींकडून काजं करून घेतली.

वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि पुतळ्याचे खांदे हलवत ओरडल्या, "अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय की!" स्टुलावरून मास्तर म्हणाले.

बायका खो खो हसल्या. वहिनींनी एकीला ॲम्ब्युलन्सला फोन करायला पिटाळलं. इथवर ठीक.

"आता छातीचा मध्य," नर्सबाई म्हणाल्या.

वहिनींनी गळ्यातली टेप ओढली, या काखेपासून त्या काखेपर्यंत धरली, "सोळा" असं पुटपुटत आठावर खडूची खूण केली. मग एकेक बटण सोडायला घेतलं.

"बाई, हा केव्हाच गेला!" नर्सबाई म्हणाल्या.

"बटणं नाजूक आहेत हो," वहिनी ओशाळून म्हणाल्या.

"आता एकदाच संधी. मला दोनची गाडी आहे. छाती पटकन उघडी करायची. फाडा!"

शिवलेलं उसवायचं, फाडायचं नाही, हे त्या कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवत. आणि शिकवत ते मास्तरच.

"अगं, हळू. वरचं काज जरा घट्ट आहे," मास्तर म्हणाले.

"काज कुणी केलंय? मला सांगताय!" वहिनींनी दोन्ही हातांनी सदरा धरला आणि टर्र! बटणं मशिनींखाली उडाली. मास्तरांनी डोक्याला हात लावला.

वहिनी दाबू लागल्या. दिवा लागेना.

"दोन इंच खोल!" नर्सबाई ओरडल्या.

"बरगडी मोडेल हो!"

"मोडली तर जुळते. माणूस जुळत नाही."

वहिनींनी अंग झोकून दिलं. दिवा लागला. मुली मोठ्यानं आकडे मोजू लागल्या, पायांनी ताल धरू लागल्या. वहिनींचा अंबाडा सुटला.

"कोपर सरळ! खांदे बघ, खांदे!" मास्तर उभे राहिले.

"तुम्ही गप्प पडा! तुम्ही बेशुद्ध आहात!"

हसता हसता मुलींचे आकडे चुकले, पण वहिनींचे हात चुकले नाहीत. दोन मिनिटं दिवा हिरवाच राहिला.

"पास!" नर्सबाई म्हणाल्या. तरी वहिनी दाबतच होत्या. दोघींनी धरून त्यांना बाजूला केलं.

"मग मी सोमवारी येऊ?" मास्तरांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"या," मालकीणबाई म्हणाल्या. "सध्या अर्धाच दिवस."

वहिनी जमिनीवर बसून धापा टाकत होत्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अर्धा कशाला हो, बाई? पूर्ण दिवस ठेवा. आता मी आहे ना इथे!"