खांबापर्यंत

आप्पांना ऐकू येत नाही, हे टेकडीखालच्या त्या रस्त्यावर कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. रोज सकाळी ते काठी घेऊन रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे निघत, तेही अगदी मधोमध, रस्ता आंदण मिळाल्यासारखे. मागून गाडी आली की ती मुकाट्याने त्यांच्या मागे रांगायची. विजेच्या खांबाशी आले की आप्पा सवयीने बाजूला होत आणि मागे न बघताच काठीने ‘जा’ म्हणून खुणावत. दूधवाला असो की शाळेची बस, सगळे खांबापर्यंत त्यांच्या मागे. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी मोडलंही नव्हतं.

मग टेकडीवर खडीची खाण निघणार अशी नोटीस लागली. खडीचे डंपर याच रस्त्याने जाणार होते. लोकांनी हरकती घेतल्या: धूळ, सुरुंग, विहिरींचं पाणी. आप्पांच्या सुनेला मात्र वेगळीच काळजी लागली. घरी पडदे शिवायची ती. मशीन खिडकीशी होतं, त्यामुळे आप्पांची स्वारी तिला रोज दिसायची. डंपर काही खांबापर्यंत थांबणार नव्हते. सासूबाई गेल्यापासून आप्पांना जगण्यात रस उरला होता तो त्या एका फेरीपुरता. ती बंद करा असं त्यांना सांगायचं कुणी? नवरा म्हणाला, तूच सांग, ते तुझंच ऐकतात. ऐकतात म्हणे!

हरकतींची पाहणी करायला सरकारी साहेब येणार त्या दिवशी शेजाऱ्यांनी घोळच घातला. पाहुण्याला धुळीत कसं उतरवायचं, म्हणून शेजारच्या काकूंनी सकाळीच दारापुढे नळीने पाणी मारलं. त्यांचं बघून पलीकडच्यांनी मारलं, मग सगळ्यांनीच. साहेब आले तेव्हा रस्ता न्हाऊन निघाला होता. निवृत्त मास्तरांनी घसा खाकरून धुळीचा मुद्दा मांडला. साहेबांनी आपल्या स्वच्छ बुटांकडे पाहिलं आणि धूळ कुठे आहे, असं विचारलं. काकूंच्या हातातली नळी अजून ठिबकत होती. धन्य ती माणसं!

खाणवाल्यांचा इंजिनिअर सभ्य होता आणि तेवढाच चिवट. सुरुंगांचं म्हणा, विहिरींचं म्हणा, त्याच्याकडे उत्तर तयार. रस्त्याच्या सुरक्षेचं म्हणाल तर प्रत्येक डंपर हॉर्न वाजवतच जाईल, अशी हमी त्याने दिली. लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. आप्पांचा विषय काढायचा नाही, असं सुनेनेच सगळ्यांना बजावलं होतं. चारचौघांत त्यांची कीव केलेली तिला खपली नसती. सकाळपासून चहा होतोय, बटण तुटलंय अशा थापा मारून तिने त्यांना घरातच थोपवलं होतं.

साहेब इंजिनिअरला घेऊन जीपमध्ये बसले, जीप निघाली, आणि सून बघते तर पुढे आप्पा! मागच्या दाराने सटकले होते. मधोमध, काठी टेकत.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग लांबलचक दिला. धावत जाऊन आप्पांचा दंड धरावा म्हणून सुनेचं पाऊल उचललंही होतं. पण तिने ते मागे घेतलं. बघू देत साहेबांनाच. जीप गचकन थांबली आणि साहेब खाली उतरले.

“यांना ऐकू येत नाही?”

“नाही,” ती म्हणाली. “कित्येक वर्षं झाली.”

“मग गाड्या काय करतात?”

“थांबतात.”

साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं. हॉर्नची हमी देणारा तो आता आप्पांच्या पाठीकडे बघत होता, आणि खोटं कशाला बोला, सगळ्यांना बरं वाटलं. निर्णय नंतर कळवू, एवढंच बोलून साहेब परत गाडीत बसले. जीप आप्पांच्या मागे रांगत निघाली. खांबाशी आप्पा बाजूला झाले आणि त्यांनी काठी हलवली.

निर्णयाचा काय भरवसा? संध्याकाळी मनाचा हिय्या करून, फेरी बंद करा असं सांगायला सून त्यांच्यासमोर बसली. ओठांवरून त्यांना बोलणं कळायचं. पण तिच्याआधी तेच बोलले.

“आज मागे एक अनोळखी गाडी होती. थांबला गं तो. नवीन माणूस, पण लगेच शिकला.”



“उद्या पुढच्या दारानेच जा, आप्पा,” ती सावकाश म्हणाली.