मंडळीतला अठरावा

नारीन शहरापलीकडच्या त्या मुसलमान डोंगरगावात ख्रिस्ती मंडळी होती अठरा जणांची, त्यांत सतरा बायका. त्यांचे नवरे, मुलगे कामासाठी रशियात. अकरा वर्षं अनारकुलने आपल्या घरात ही मंडळी सांभाळली. उपदेश तीच करी, भाकर तीच मोडी, आजाऱ्याच्या उशाशी तीच बसे. मग राजधानीतल्या वरिष्ठांना साक्षात्कार झाला, की बाईने उपदेश करणं बरं नव्हे. त्यांनी अठराव्याला पाळक नेमलं. त्याचं नाव मेदेर, पात्रता म्हणाल तर दाढी. आयत्या बिळावर हा नागोबा बसला आणि अनारकुललाच चहा ओतायला सांगू लागला. मंडळी फुटू नये म्हणून ती ओतत राहिली. त्याबद्दल तिला स्वतःचीच चीड येई.

मार्चात म्हातारी सोनुनबू गेली. धर्म सोडलेलीला कबरस्तानात जागा नाही, असं गावातले वडीलधारे म्हणाले. अनारकुलने दोनदा त्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा त्यांच्यातला म्हातारा जुमाबेक जरा नरमला. म्हणाला, मयताच्या अंगणात तुमच्या प्रमुखाने उभं राहून रीतीप्रमाणे गावाला विचारावं, की ही कशी बाई होती. गाव 'चांगली' म्हणालं तर कोपऱ्यात जागा देऊ. मात्र विचारणारा पुरुष हवा. मेदेर म्हणाला, त्यात काय, ते माझंच काम.

दुसऱ्या दिवशी अंगणात उभारलेल्या तंबूत प्रेताभोवती बायका रडत होत्या, बाहेर पुरुष रांगेने उभे होते. मंडळीचा प्रमुख कोण, असं जुमाबेकने विचारलं. मेदेर टोपी कपाळावर ओढून शेवटच्या रांगेत उभा होता.

"मी नाही बुवा," तो म्हणाला. "मी आपला कधीमधी चहाला जातो. ते सगळं बायकांचं आहे."

पुरुष हसले आणि पांगू लागले. तेवढ्यात अनारकुल तंबूतून बाहेर आली. अशा वेळी पुरुषांच्या रांगेपुढे बाई कधी आली नव्हती.

"सोनुनबू कशी बाई होती?" तिने विचारलं.

ती जुमाबेककडे वळली, थोरल्या भावाला हाक मारावी तशी.

"जुमाबेक आके, तुमच्या चारही मुलांची नाळ तिने कापली. कशी होती?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "चांगली होती," तो म्हणाला. मग एकेक जण तेच म्हणाला. सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांहून मोठ्याने, मेदेरही म्हणाला.

कबरस्तानात बायका जात नाहीत. अनारकुल गेली. खड्ड्यापाशी मेदेर हळूच तिच्याजवळ सरकला. आता ती त्याला थोरली बहीण झाली.

"अनारकुल एजे, प्रार्थना मी करतो. वरिष्ठांना कळवावं लागेल ना."

तिने शेजारच्या माणसाच्या हातातलं फावडं घेऊन मेदेरच्या हातात दिलं.

"प्रार्थना मी करते. तू माती लोट."

त्याने मुकाट्याने लोटली. पाळक झाल्यापासून मंडळीसाठी केलेलं ते त्याचं पहिलं काम.