रोटांचं उष्टं

थर्माकोलच्या ताटल्यांचा गठ्ठा प्रमिलाबाईंनी उचलला आणि धाकट्या दिराच्या, गजेंद्रच्या टेम्पोत परत टाकला. मागोमाग प्लास्टिकच्या पेल्यांचं पोतं.

“वहिनी, साठ लोके येतीन. कशामा वाढशी?”

“जो तो घरनं ताट लई यी.”

“जेवाले बलावस आनि ताट लई या म्हनस? लोके काय म्हनतीन?”

“रोटनं उष्टं आपुन बाहेर टाकतस नही, पुरतस. मंग हाई बी पुरनं पडी. खंद खड्डा, तुना टेम्पोएवढा.”

गजेंद्रने टेम्पो सुरू केला. “मी येवाव नही. पाहू कोन येस ते.”

गेल्या श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, भेस्तानला चुलत सासऱ्यांकडे झाले. ताटल्या काळ्या पिशव्यांत कोंबून घंटागाडीत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यातली एक पिशवी कचरा निवडायच्या शेडमध्ये नेमकी प्रमिलाबाईंच्या पुढ्यात फुटली. तिथे त्या सहा वर्षांपासून प्लास्टिक वेगळं काढतात. ताटल्यांना रोटाचे तुकडे चिकटले होते, खीर आंबली होती. कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात जिरवायचं, आणि देवीच्या प्रसादाची ही गत. असल्या ताटल्या भंगारवालाही घेत नाही. त्या कचऱ्याच्या डोंगरावर जातात आणि तिथेच राहतात. त्या दिवशी प्रमिलाबाई गप्प बसल्या. कचऱ्यातली बाई म्हणून पाठीमागे हसणाऱ्या भाऊबंदांपुढे तोंड उघडायचं धैर्य झालं नाही, याची त्यांना अजून लाज वाटत होती. यंदा रोट त्यांच्या घरी होते.

दुपारचे दोन वाजले तरी पांडेसऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत कोणी फिरकलं नाही. रोट भाऊबंदांखेरीज कोणाला देता येत नाहीत; शेजाऱ्याला नाही, दारी आलेल्याला नाही. ते उरले तर बोल घराला लागतो.

“आई, काकाले फोन करू का?” नूतनने विचारलं. “ताटल्या मांगाडी ले.”

“नको. मी एकली खासू. आठ दिन लागतीन, लागू दे.”

फोन त्यांनी फडताळावर ठेवून दिला.

अडीचला भटूआबा आले. भाऊबंदीतले सगळ्यांत थोरले. काखेत पितळी ताट.

“पह्यले गावमा आम्ही ताट-तांब्या लईसनच जेवाले जाऊत,” ते म्हणाले आणि पहिल्या पंगतीला बसले.

आबा बसल्यावर मग कोणाची टाप होती मागे राहायची! पिशव्यांत ताटं खणखणवत माणसं दोन-दोन, चार-चार करत आली. काहींनी नाकं मुरडली, पण ताट पुढे केलं. गजेंद्रची बायको हर्षदाही माहेरचं नाव कोरलेलं स्टीलचं ताट घेऊन शेवटच्या पंगतीला बसली.

आणि तिच्यामागून गजेंद्र. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाचे गहू रोटात असतात. न येऊन त्याची सुटका नव्हती.

“ताट?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. “दोन आननं व्हतं ना.”

“तुमीनच सांगं, मी येवाव नही,” खिरीत रोट चुरत हर्षदा म्हणाली.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासूने पहिल्या दिवशी शिकवलं तसं ती आजवर नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवत आली होती. पंगतीत कोणी हसलं नाही. प्रमिलाबाई खिरीचा डाव हातात धरून थांबल्या.

गजेंद्र भिंतीला टेकून बसला, तिचं जेवण होऊन ताट मोकळं व्हायची वाट पाहत.

हर्षदाने आणखी अर्धा रोट मागून घेतला.