कळसाच्या डाव्या अंगाला

"छत्री कुणी फिरवली?" गच्चीवर पाऊल टाकताच चांगदेवनं विचारलं.

शेजारच्या गच्चीवरून चिमाजीअण्णा हसले. "मीच. सगळ्या कळंबच्या छत्र्या तिकडं, तुझीच एकटी मावळतीला. वाऱ्यानं फिरली आसंल म्हनलं. टीवी कसा लागायचा, राव?"

आता रागावणार कुणावर? गावातल्या टीव्हीच्या छत्र्या वीस वर्षं चांगदेवच बसवत आला होता. ही एकच त्याच्या हौसेची. हौशी रेडिओवाल्यांचा एक उपग्रह पश्चिमेच्या आभाळात ठाण मांडून असतो, त्यावरून लोक देशोदेशी बोलतात. चांगदेवकडे बोलायचा परवाना नव्हता, तो नुसता ऐकायचा. आफ्रिकेतला एक निवृत्त रेल्वेवाला रोज चारला बोलायचा. आज त्याचा शेवटचा दिवस. उद्या तो लेकीकडे राहायला जाणार, आणि तिथं अँटेनाला जागा नव्हती. जाता जाता चांगदेवनं पाठवलेलं पत्र वाचून दाखवीन, असं त्यानं कळवलं होतं.

चारला पाच मिनिटं होती. चांगदेव लॅपटॉपकडे बघत छत्री सरकवत राहिला. नुसती खरखर. एरवी डोळे मिटून होणारं काम, पण आज छत्री कधी जास्त पुढं जायची, कधी जास्त मागं.

"अवो, थांबा," कुरडया राखत बसलेली त्याची बायको रत्ना म्हणाली. "मी रोज हितंच बसते. हितनं बघितलं की तिचा दांडा भैरवनाथाच्या कळसाच्या डाव्या अंगाला यायचा. सरकवा. आजून जरा. बास."

लॅपटॉपवर रेघ उठली आणि म्हाताऱ्याचा आवाज गच्चीवर आला. चांगदेवनं आवाज वाढवला. त्याला फार बरं वाटलं.

छत्रीच्या तोंडाशी असलेली, आवाज पकडणारी डबी उन्हानं तापली की लावलेलं स्टेशन जागचं सरकतं. म्हणून तिला घोंगडीचा तुकडा गुंडाळला होता. घोंगडी त्याच्या वारलेल्या वडिलांची. मेंढरांमागं ते ती पांघरून हिंडले. ती कापायचा चांगदेवला धीर झाला नव्हता. रत्नानंच कात्री लावली होती. "मामांना कपाटात कुठं करमायचं?" एवढंच ती तेव्हा सासऱ्यांबद्दल म्हणाली होती. पत्रात चांगदेवनं हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं.

म्हातारा पत्र वाचत एका शब्दाशी अडखळला. मग सावकाश, दोनदा म्हणाला, "घों-गा-डी."

"काय म्हनतोय?" रत्नानं विचारलं.

"मामांचं सांगतोय."

रत्ना उठली. तिनं तुकड्याची सैल झालेली गाठ आवळली आणि सासऱ्यांसमोर घ्यायची तसा पदर डोक्यावर घेतला.