आत्याच्या अर्थापुढचा खंजीर

आमच्या इंग्रजी शब्दकोशात एखाद्या शब्दाचा अर्थ मेला, की त्याच्यापुढे एक छोटासा खंजीर छापतात. तो कुठे छापायचा हे ठरवायचं काम माझं. इंग्रजी शब्दांसारखे घरं बदलणारे भाडेकरू मी दुसरे पाहिले नाहीत. 'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख, 'सिली' म्हणजे धन्य, आणि 'गर्ल' म्हटलं की त्यात मुलगाही चालायचा. असले मेलेले अर्थ पाहून मला कधी गलबलून आलं नाही. लाल पेन घ्यायचं, खूण करायची आणि चहा प्यायचा.

एका शनिवारी मी नव्या आवृत्तीची पानं शेवटची तपासायला घरी आणली होती. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, माझ्याकडेच राहते. वय चौऱ्याऐंशी. छापील कागद दिसला की त्यात चूक शोधल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ती पानं घेऊन खिडकीशी बसली आणि दहा मिनिटांत तिने मला हाक मारली.

"हे 'कॉम्प्युटर' बघ. पहिला अर्थ, आकडेमोडीसाठी नेमलेली व्यक्ती. त्याच्यापुढे हे काय टोचलंयस?"

"खंजीर. तो अर्थ आता वापरात नाही, आत्या."

"म्हणजे मेला?"

"हो."

"मी तर आत्ता जेवले."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. आत्या भरती-ओहोटीच्या कचेरीत होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे तिचा हुद्दा काय, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. सात बायका, एक लांबलचक टेबल आणि पेन्सिलींचा डबा. पुढच्या वर्षी कोणत्या धक्क्यावर पाणी किती वाजता चढेल, हे त्या वर्षभर हाताने काढायच्या. त्यांच्या नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा लिहिलेला असे, कॉम्प्युटर.

"पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला देऊन येते मी," आत्या म्हणाली. "तुझ्या कोशात तो कोणत्या खिडकीवर द्यायचा, तेवढं सांग."

मी हसले, तिथेच माती खाल्ली. तिने चष्मा काढला. "आमचं नाव त्या यंत्राला दिलं तेव्हा मी बोलले नाही. ते आणून आमच्याच टेबलावर ठेवलं, तेव्हाही नाही. पण तू गं? तुझ्या हाताने?" मला लाज वाटली.

सोमवारी ती माझ्यासोबत कचेरीत हजर. आमच्या मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे 'कात्री' म्हणतो. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि नियम सांगितला. अर्थ जिवंत ठरायला गेल्या पंचवीस वर्षांतलं निदान एक छापील इंग्रजी वाक्य लागतं. तेही शब्दाचा इतिहास सांगणारं नको, कोणाच्या तरी रोजच्या कामात सहज आलेलं हवं.

"अहो, पण मी समोर बसलेय ना," आत्या म्हणाली.

"जिवंत माणूस हा पुरावा होत नाही, बाई."

"मग काय मेलेला होतो?"

कात्रींना हसू आलं, पण नियम जागचा हलला नाही. शुक्रवारी संध्याकाळी पान छापायला जाणार होतं. तोवर वाक्य आणा, म्हणाले.

आत्याने त्या सातजणींतल्या हयात असलेल्या तिन्ही मैत्रिणींना फोन लावले. बुधवारच्या इंग्रजी पेपरात जाहिरात झळकली, 'चार अनुभवी कॉम्प्युटर, वय ऐंशीच्या पुढे, चष्म्यांसह, आकडेमोड करून देतील.' आम्ही चहा सांडेपर्यंत हसलो. कात्रीही हसले, आणि त्यांनी जाहिरात परत केली. साक्षीदार पढवून आणलाय, म्हणाले.

आत्या रागावेल असं मला वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. जुळवून आणलेला आकडा मीही घेतला नसता." आणि कधी नव्हे ती दुपारी आडवी झाली.

गुरुवारचा दिवस मी ग्रंथालयात घालवला, हाती शून्य. शुक्रवारी सकाळी मात्र सुचलं, की मी वाक्य शब्दाच्या आसपास शोधतेय. ते तिच्या कामाच्या आसपास शोधायला हवं. तडक बंदर गाठलं.

खिडकीतल्या कारकुनाने यंदाची भरती-ओहोटीची पुस्तिका काढून दिली. "आकडे आता यंत्रच काढतं हो," तो म्हणाला. मी तरी पानं उलटत राहिले. उत्तर धक्क्याच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक तळटीप होती, 'छापील वेळेत सहा मिनिटं मिळवावीत. आमच्या कॉम्प्युटरांनी धक्क्यावर उभं राहून ठरवलेली ही दुरुस्ती गाळू नये.'

"ही अजून छापता?" मी विचारलं.

"एका वर्षी गाळली होती. दोन बोटी चिखलात बसल्या. तेव्हापासून त्या ओळीला कोणी हात लावत नाही."

मी रिक्षात बसून ते वाक्य मोठ्याने वाचलं. रिक्षावाल्याने वळून पाहिलं, पाहू दे.

कात्रींनी ते दोनदा वाचलं. "यंत्र काही धक्क्यावर उभं राहत नाही," ते पुटपुटले. माझंच लाल पेन घेऊन त्यांनी खंजीर खोडला आणि शेजारी लिहिलं, 'विरळ'.

मी धावतच घरी आले. आत्यापुढे पुस्तिका उघडून धरली. तिने तळटिपेवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

"सहाच छापलेत ना?" तिने विचारलं. "पाच नाही ना केले कोणी?"

"सहाच आहेत, आत्या."

"साहेब म्हणायचे, पाच करा, दिसायला बरं दिसतं. मी दोन महिने डबा घेऊन त्या धक्क्यावर उभी राहायचे. पाणी सहा मिनिटं उशिरानेच यायचं." ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. मी कोशाचं सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने फोन उचललाही होता.

"अगं, ऐक," ती पहिल्या मैत्रिणीला सांगत होती, "बोटी अजून आपल्याच सहा मिनिटांवर येतात." मग दुसरीला लावला, मग तिसरीला. खंजीर गेल्याची बातमी घेऊन मी तशीच उभी होते, आणि तिला ती ऐकायला फुरसत नव्हती.